डोळे चमकले, पण उजेड कुणाचा?

उत्तर अमेरिकेच्या जंगलांत ‘बिगफूट’ दिसल्याच्या हकिगतींमध्ये काही तपशील हमखास येतात. सात-आठ फूट उंची, अंगभर केस, दोन पायांवरची चाल आणि उग्र दर्प. प्रसंग रात्रीचा असेल तर आणखी एका तपशिलाची भर पडते, ती म्हणजे अंधारात निखाऱ्यासारखे चमकणारे डोळे. १९७१ मध्ये अमेरिकेच्या अर्कान्सॉ राज्यातल्या फूक गावाजवळ एका कुटुंबाने रात्री घराशी आलेल्या केसाळ प्राण्याची तक्रार केली. त्याचे डोळे लालभडक होते असे सांगितले गेले. पुढच्याच वर्षी मिसूरी राज्यात ‘मोमो’ नावाने गाजलेल्या अशाच प्राण्याचे डोळे नारिंगी असल्याचे वर्णन आहे. इतर हकिगतींत ते पिवळे किंवा हिरवेही आहेत.

बिगफूटवर विश्वास ठेवणाऱ्यांना हा तपशील मोठा पुरावा वाटतो. न ठेवणारे ‘थापा आहेत’ म्हणून हसून सोडून देतात. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. रात्री डोळे चमकताना दिसणे ही अगदी खरी गोष्ट आहे. त्यासाठी कुणी खोटे बोलण्याची गरज नाही. विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे. त्या डोळ्यांत उजेड आला कुठून? हा प्रश्न नीट विचारला, की चमकणारे डोळे बिगफूटच्या बाजूने साक्ष देत नाहीत, त्याच्या विरुद्ध देतात.

डोळ्यातून प्रकाश बाहेर पडतो ही समजूत फार जुनी आहे. प्राचीन ग्रीसमधले काही विचारवंत तसे मानत. आपल्याकडे न्यायदर्शनातही डोळ्याचा किरण बाहेर जाऊन वस्तूला भिडतो, असे प्रतिपादन आहे आणि त्याच्या पुष्ट्यर्थ रात्री फिरणाऱ्या प्राण्यांच्या चमकणाऱ्या डोळ्यांचाच दाखला दिलेला आहे. त्या काळी उपलब्ध निरीक्षणावरून काढलेला तो तर्क होता. पुढे १८१० मध्ये बेनेदिक्त प्रेव्हो या अभ्यासकाने दाखवून दिले, की पूर्ण काळोखात मांजराचे डोळे अजिबात चमकत नाहीत. चमकण्यासाठी बाहेरून थोडा तरी प्रकाश आत जावा लागतो. पृष्ठवंशी प्राण्यांमध्ये स्वतःच्या शरीरातून प्रकाश निर्माण करणारे फक्त काही मासे आहेत. जमिनीवर राहणारा असा एकही पृष्ठवंशी प्राणी ज्ञात नाही. शिवाय डोळ्याच्या आतच दिवा पेटला, तर त्या डोळ्याला बाहेरचे काही दिसणारच नाही.

मग चमक येते कशी? मांजर, कुत्रा, गाय, हरीण, बिबट्या, अस्वल अशा अनेक प्राण्यांच्या डोळ्यात दृष्टिपटलाच्या मागे आरशासारखा एक थर असतो. त्याला ‘टेपेटम ल्युसिडम’ म्हणतात. दृष्टिपटलातून आरपार गेलेला प्रकाश या थरावर आपटून परत फिरतो आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशींना दुसरी संधी मिळते. अंधुक उजेडात शिकार करण्यासाठी किंवा शिकाऱ्यापासून वाचण्यासाठी ही सोय आहे. डोळ्याचे भिंग हा परतलेला प्रकाश साधारण आला त्याच दिशेला पाठवते. म्हणून बॅटरी हातात असलेल्या माणसाला किंवा गाडीच्या चालकाला ते डोळे झगझगीत दिसतात, तर बाजूला दहा पावलांवर उभ्या असलेल्या माणसाला काहीच दिसत नाही. रस्त्याच्या मधोमध बसवलेले, हेडलाइट पडताच उजळणारे ‘कॅट्स आय’ याच तत्त्वावर चालतात. चमकेचा रंग प्राण्याची जात, त्याचे वय, बघण्याचा कोन आणि दिव्याचा प्रकार यांवर ठरतो. एकाच प्राण्याचे डोळे एकाला हिरवे आणि दुसऱ्याला नारिंगी दिसू शकतात.

माणसाच्या डोळ्यात हा थर नसतो. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्याही डोळ्यात नसतो. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत आपली बाहुली लाल दिसते, पण ती दृष्टिपटलामागच्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्याची लाली असते. फ्लॅश आणि कॅमेऱ्याचे भिंग अगदी शेजारी असतात आणि अंधारात बाहुली मोठी झालेली असते, म्हणून ती दिसते. एरवी ही परतफेड फारच क्षीण असते. याची खात्री घाटरस्त्याने रात्री प्रवास करणाऱ्या कुणालाही करून घेता येईल. हेडलाइटमध्ये रस्त्याकडेच्या गाईचे, कुत्र्याचे, मांजराचे डोळे लांबूनच चमकतात. त्याच गाईशेजारी उभ्या असलेल्या गुराख्याचे चमकत नाहीत.

बिगफूटच्या दाव्यातली अडचण इथे उघडी पडते. तो माणसाच्या आणि महाकाय वानरांच्या कुळातला आहे, असे त्याचे समर्थक सांगतात. तसे असेल, तर बॅटरीच्या झोतात त्याचे डोळे दुरून लखलखायला नकोत. आणि लखलखत असतील, तर तो या कुळातला नसण्याचीच शक्यता जास्त. यावर एक उत्तर दिले जाते, की बिगफूट निशाचर असल्यामुळे त्याच्या डोळ्यात हा थर उत्क्रांत झाला असेल. हे उत्तर तपासण्याजोगे आहे, कारण प्रायमेट गटातल्या लीमर आणि लोरिस यांच्या डोळ्यात असा थर असतो. पण ते आपल्या शाखेपासून फार पूर्वी वेगळे झालेले जीव आहेत. आपल्या शाखेतला टार्सियर हा इवलासा प्राणी निशाचर असूनही त्याच्याकडे हा थर नाही. ती उणीव त्याने अवाढव्य डोळ्यांनी भरून काढली आहे. बिगफूटच्या वर्णनांत असे अवाढव्य डोळे सहसा आढळत नाहीत. राहता राहिला ‘असेलही’ हा शब्द, आणि त्याच्या जोरावर काहीही सिद्ध करता येते.

मग त्या लोकांनी पाहिले तरी काय? पहिला संशयित काळे अस्वल. ते मागच्या दोन पायांवर उभे राहते, प्रसंगी काही पावले चालते आणि त्याच्या डोळ्यात चमकणारा थर असतो. २००९ मध्ये संशोधकांनी बिगफूट दिसल्याच्या ठिकाणांचा नकाशा मांडला, तेव्हा तो काळ्या अस्वलाच्या अधिवासाशी मोठ्या प्रमाणात जुळला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात लोकसंख्या आणि वनक्षेत्र यांचा प्रभाव वजा केल्यावरही, अस्वलांची संख्या १,००० ने वाढली तर असे दावे सरासरी ४ टक्क्यांनी वाढतात, असे आढळले. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांच्या चमूने ‘यती’ आणि ‘बिगफूट’चे म्हणून जगभरातून आलेले केस तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. अमेरिकेतल्या नमुन्यांत अस्वल, गाय, घोडा, रॅकून, साळिंदर असे ओळखीचे प्राणी निघाले. एक नमुना तर माणसाचाच होता.

दुसरा संशयित घुबड. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या पॉइंट प्लेझंट गावाजवळ मोटारीतून जाणाऱ्या दोन जोडप्यांनी लाल डोळ्यांचा, पंखांचा, माणसाएवढा प्राणी पाहिल्याचे सांगितले. तोच पुढे ‘मॉथमॅन’ म्हणून प्रसिद्धीस आला. तो मोठा क्रौंच असावा असे एका जीवशास्त्रज्ञाने त्याच वेळी सुचवले होते. नंतर जो निकेल या अभ्यासकाने घुबडाकडे बोट दाखवले. प्रकाशाच्या झोतात तिथल्या घुबडांचे डोळे लालसर चमकतात आणि ती फांदीवर, म्हणजे थेट ‘सात फूट उंच’ प्राण्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसलेली असू शकतात. झाडावर चढलेल्या रॅकूनचेही तसेच.

उंचीचा अंदाज चुकतो त्यालाही कारण आहे. काळोखात दोन ठिपके तेवढे दिसतात. शरीर दिसत नाही आणि शेजारी मोजमापाला काही नसते. प्राणी ३० फुटांवर असताना तो ६० फुटांवर आहे असे वाटले, तर मेंदू त्याच्या डोळ्यांमधले अंतर दुप्पट धरतो आणि त्या मापाचे धड स्वतःच जोडून देतो. अंधारात एकाच स्थिर ठिपक्याकडे टक लावून पाहिले, तर थोड्या वेळाने तो हलल्याचा भास होतो. निरोगी माणसांनाही हा अनुभव येतो. अंधुक उजेडात काम करणाऱ्या दृष्टिपटलाच्या पेशींना रंग ओळखता येत नाहीत आणि बारीक आकारही नीट टिपता येत नाहीत. त्यात भीतीने छाती धडधडत असते. अशा अवस्थेत जे दिसते ते अर्धे डोळ्याचे आणि अर्धे मेंदूचे असते.

उरलेले काम स्मरणशक्ती करते. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवली आणि वेग किती होता, असे विचारले. काहींना विचारताना ‘धडकल्या’ असा साधा शब्द वापरला, काहींना ‘चक्काचूर होईल अशा आदळल्या’ अशा अर्थाचा. आठवड्याने ‘फुटलेली काच दिसली का?’ असे विचारल्यावर पहिल्या गटातल्या ५० पैकी ७ जणांनी आणि दुसऱ्या गटातल्या ५० पैकी १६ जणांनी ‘हो’ म्हटले. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. ‘डोळे चमकत होते का?’ असा प्रश्न बिगफूटचा शोध घेणाऱ्यांनी विचारला, की काय होत असेल याची कल्पना यावरून येते.

म्हणूनच साक्षीदाराला वेड्यात काढणे योग्य नाही. बाह्यरुग्ण विभागात कुणी ‘छातीत गोळा फिरतोय’ म्हणाला, तर डॉक्टर त्याला खोटा ठरवत नाही आणि छातीत गोळा शोधायलाही जात नाही. त्रास खरा धरून कधी, कुठे, किती वेळ, कशाने वाढतो हे विचारतो. लक्षण रुग्णाचे, निदान तपासणीनंतरचे. बिगफूटच्या साक्षीदारालाही असेच विचारायला हवे. बॅटरी कुणाच्या हातात होती? झोत हलवल्यावर चमक गेली का? शेजारच्या माणसालाही ती दिसली का? आसपास घराचा, गाडीचा दिवा होता का? चमक झोताबरोबर येत-जात असेल, तर ती परावर्तित प्रकाशाची आहे आणि पुढचा शोध ओळखीच्या प्राण्यांत घ्यायचा. (बिबट्याचा वावर असलेल्या शिवारात झोत बंद करून पाहण्याचा प्रयोग मात्र कुणी करू नये.)

डोळ्यातल्या परतणाऱ्या प्रकाशाचा हा विषय केवळ करमणुकीचा नाही. हाच प्रकाश पकडण्यासाठी हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये ऑफ्थॅल्मोस्कोप जगासमोर आणला आणि जिवंत माणसाचे दृष्टिपटल डॉक्टरांना दिसू लागले. आजही नवजात बाळाच्या डोळ्यात त्याच उपकरणाने प्रकाश टाकून दोन्ही बाहुल्यांतून सारखी लालसर चमक येते का, हे काही सेकंदांत पाहता येते. चमक पांढरी असेल, तर कारण साधे असू शकते, कधी फोटोचा कोनही तसा असतो; पण ते जन्मजात मोतीबिंदू किंवा रेटिनोब्लास्टोमा हा दृष्टिपटलाचा कर्करोगही असू शकते. हा कर्करोग प्रामुख्याने पाच वर्षांखालच्या मुलांना होतो. लवकर सापडला तर मूल वाचते आणि अनेकदा डोळाही वाचतो. उशीर झाला तर तो मेंदूपर्यंत पसरतो.

अनेकदा ही चमक सर्वात आधी आईवडिलांनाच, मोबाइलच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोत किंवा संध्याकाळच्या दिव्यात दिसते. ‘मांजरासारखा चमकतो डोळा’ असे कौतुकाने म्हटले जाते आणि महिने निघून जातात. मुलाची एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी किंवा पिवळसर दिसत असेल, किंवा अलीकडे डोळा तिरळा झाला असेल, तर फोटो सोबत घेऊन त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जावे. बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून होणारी तपासणी जिल्हा रुग्णालयाच्या किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात करून घेता येते. तपासणीत काही निघाले नाही, तर एक दिवस वाया गेला एवढेच.