साखरखेर्डा १७२४, शिवोली १९८४ : राजधानीबाहेर घडलेला इतिहास

१/ ११ ऑक्टोबर १७२४. स्थळ : आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील, सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा. निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांच्या फौजा येथे भिडल्या. मुबारिझखान मारला गेला आणि विजेत्याने गावाला ‘फत्तेखेर्डा’ हे नाव दिले. हैदराबादच्या असफजाही राजवटीचा आरंभ याच लढाईपासून मोजला जातो.

२/ या घटनेतील कळीचा मुद्दा स्थळाचा आहे. दख्खनच्या सत्तेचा निकाल दिल्लीच्या दरबारात लागला नाही, तो वऱ्हाडातील एका गावाच्या शिवारात लागला. बादशहा मुहम्मदशहाने निजामाला मान्यता आणि ‘असफजाह’ हा किताब दिला तो १७२५ मध्ये. दरबाराने घटना घडवली नाही, घडलेल्या घटनेची नोंद घेतली. फर्मानाच्या तारखेलाच घटनेची तारीख समजणाऱ्याचा इतिहास तिथेच चुकतो.

३/ राजकीय इतिहासात हा भेद काटेकोरपणे पाळणारे लोक लोकप्रिय संगीताकडे वळताच तो विसरतात. उपग्रह वाहिन्या आल्या, १९९५ मध्ये अलिशा चिनॉय यांचा ‘मेड इन इंडिया’ आला आणि चित्रपटाबाहेरचे भारतीय पॉप जन्मले, ही कथा सर्रास सांगितली जाते. ही कथा म्हणजे निव्वळ फर्मानाची तारीख होय.

४/ या क्षेत्रातले साखरखेर्डा म्हणजे गोव्याच्या बार्देश तालुक्यातील शिवोली. मुंबईच्या जे. जे. मधून वास्तुविद्या शिकलेल्या रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम तेथे राहत्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केला. गीत, चाल, गायन, वाद्ये, मुखपृष्ठ, सारे एकहाती. कॅसेट दुकानोदुकानी पोहोचवल्या त्याही स्वतःच, पिवळ्या स्कूटरवरून.

५/ हे शक्य झाले ते कॅसेटमुळे. तबकडीच्या काळात मुद्रणाचा कारखाना ज्याच्या हाती, संगीतही त्याच्याच हाती. भारतात ही मक्तेदारी दीर्घकाळ ग्रामोफोन कंपनीची होती. आखाती देशांतून परतणाऱ्या कामगारांच्या सामानातून टेपरेकॉर्डर घरोघरी आले आणि ती मक्तेदारी खिळखिळी झाली. तंत्र बदलले की सत्तेचे केंद्र हलते. तोफखान्याच्या इतिहासात मान्य असलेला हा नियम गाण्याला लागू करताना संकोच कशाचा?

६/ पहिला आक्षेप : १९८१ चा नाझिया हसन यांचा ‘डिस्को दीवाने’ आधीचा नव्हे काय? निःसंशय आधीचा. पण त्यामागे बिद्दू यांच्यासारखा लंडनमध्ये नावारूपाला आलेला संगीतकार होता. ‘मेड इन इंडिया’चे संगीतही बिद्दू यांचेच. शिवोलीचे वेगळेपण केवळ तारखेत नाही. तेथे रचनाकार, गायक, निर्माता आणि विक्रेता ही एकच व्यक्ती होती.

७/ दुसरा आक्षेप : हे तर नाचण्याचे संगीत, त्यात इतिहास कसला? हा आक्षेप अज्ञानातून येतो. गोव्याचा मांडो हाच मुळात नृत्यासह गायला जाणारा प्रकार, आणि दुलपद त्याहून द्रुत लयीचे. क्रिस पेरी आणि लॉर्ना यांची कोंकणी गाणी नृत्यसंगीताच्या ठेक्यावर उभी आहेत. मुंबईच्या हॉटेलांतील नृत्यवृंद आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद गोव्याच्या वादकांनी भरलेले होते. ज्या समाजाने आपला आनंद आणि विरह ठेक्यात साठवला, त्याची कागदपत्रे ठेक्यातच शोधावी लागतात.

८/ तिसरा आक्षेप : गाणी इंग्रजीत, मग ती आपली कशी? फारसी बखरकाराची साक्ष काढताना हा प्रश्न कोणी विचारत नाही. रेमो यांचे ‘ओड टू ग्रॅहम बेल’ हे गाणे गोव्यातील बंद पडणाऱ्या दूरध्वनीची थट्टा करते. पंतप्रधान राजीव गांधींसमोर त्यांनी ‘हॅलो राजीव गांधी’ गायले, तेव्हा गोव्याच्या तक्रारी थेट व्यासपीठावरून मांडल्या गेल्या. वृत्तपत्रांतून टीका झाली. राजीव गांधींनी मात्र पत्र पाठवून दाद दिली. लोकभावनेचे याहून बोलके साधन कोणते असते?

९/ पुढचा क्रम साखरखेर्ड्याचाच आहे. १९८७ मध्ये ‘जलवा’, १९९५ मध्ये ‘बॉम्बे’मधील ‘हम्मा हम्मा’, २००७ मध्ये पद्मश्री. केंद्राने किताब दिला, पण घटना घडून गेल्यावर. आणि आता त्या किताबांनाच इतिहासाचा आरंभ मानले जात आहे.

१०/ हा वाद श्रेयापुरता नाही. बलाढ्य कंपन्यांची ध्वनिमुद्रणे त्यांच्या संग्रहात सुरक्षित राहतात, कारण त्यांतून आजही पैसा मिळतो. घरी मुद्रित झालेल्या, गावच्या दुकानात विकल्या गेलेल्या कॅसेटला असा वाली नसतो. चुंबकीय फीत ओल, उष्णता आणि बुरशीने झिजते. आज ती जपली नाही, तर उद्याच्या अभ्यासकासमोर फक्त कंपन्यांचा दप्तरखाना उरेल आणि तो त्यालाच सत्य मानेल.

११/ म्हणून गड-किल्ल्यांवर फिरून शिलालेखांचे ठसे घेणाऱ्या तरुणांनी माळ्यावरचे खोकेही उघडावे. वऱ्हाडात असो वा गोव्यात, स्थानिक गायक-शाहिरांच्या कॅसेट हाती लागल्या, तर वेष्टनावरील नाव, गाव, किंमत आणि साल टिपून ठेवावे, फितीची डिजिटल प्रत करावी, मूळ कॅसेट फेकू नये. साखरखेर्ड्याची तारीख टिकली, कारण ती कोणीतरी लिहून ठेवली. गाण्यांची तारीख लिहिण्याचे काम अजून बाकी आहे.