घरांतील यंत्रें : मागें पडणारें घड्याळ

माणसांच्या चुका आपण चटकन् ओळखतों. यंत्रांच्या चुका मात्र पुष्कळदां माणसांच्याच पदरांत टाकतों. या महिन्यांत ज्या विषयावर आम्ही चार शब्द लिहिणार आहों, तो दिसण्यांत अगदीं क्षुल्लक आहे : लॅपटॉपच्या कोपऱ्यांतील घड्याळ वरचेवर मागें पडणें. परंतु एवढ्याशा गोष्टीपायीं घरांत केवढी कटुता उत्पन्न होऊं शकते, याचें एक उदाहरण आमच्या पाहण्यांत आलें आहे.

कराड येथील एक एकत्र कुटुंब. धाकटी सून घरीं बसूनच परगांवच्या एका कचेरीचें काम करते. तिची सकाळची बैठक कधीं सात, तर कधीं अकरा मिनिटें चुकूं लागली. बैठकीची आठवण लॅपटॉपच करून देई, आणि ती आठवणच उशिरां येई. कचेरींतून ताकीद आली. घरांतहि 'हिला वेळेचें भान नाहीं' अशी कुजबुज सुरू झाली. सासूबाई उघड कांहीं बोलल्या नाहींत; पण न बोलण्यांतहि बोल असतो. त्या मुलीनें पहाटे अर्धा तास आधीं उठून पाहिलें, तरी उशीर टळेना. शेवटीं पंचांग हाताशीं घेऊन बसणाऱ्या वृद्ध आजेसासऱ्यांच्या ध्यानांत तो प्रकार आला. ते म्हणाले, "अग, तुझें घड्याळ आणि भिंतीवरचें घड्याळ एकाच घरांत राहतात ना? मग त्यांचें एकमेकांशीं पटत कां नाहीं?"

हा प्रश्न जुन्या माणसालाच सुचावा, यांत नवल नाहीं. पूर्वीं लग्नमंडपांत घटिकापात्र मांडीत. तळाशीं बारीक छिद्र असलेली ती वाटी पाण्यावर ठेवली म्हणजे २४ मिनिटांत बुडे, आणि एक घटका भरे. छिद्रांत मळ बसला, तर पाणी हळू शिरे, पात्र उशिरां बुडे आणि घटका लांबे. तेव्हां मुहूर्त चुकूं नये म्हणून आधीं छिद्र साफ आहे कीं नाहीं, हें पाहावें लागे. साधन तपासल्यावांचून काळ मोजूं नये, हा धडा तेव्हांपासूनचा आहे.

दुसरें असें कीं, 'खरी वेळ' म्हणजे कोणती, हेंहि ठरवावें लागतें. हिंदुस्थानची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. ती ८२॥ अंश पूर्व रेखांशावरची आहे. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून ३९ मिनिटें मागें. आणि मुंबई शहरांत ती जुनी वेळ १९५५ पर्यंत चालू राहिली. कराड ७४ अंशांच्या थोडें पूर्वेस असल्यामुळें कृष्णा-कोयनेच्या संगमावर सूर्य माथ्यावर येतो, तेव्हां घड्याळांत सरासरीनें साडेबारा वाजून गेलेले असतात. अर्थात् आपलीं सर्व घड्याळें संगमावरील सूर्याशीं नव्हे, तर एका सर्वसंमत वेळेशीं मिळविलेलीं असतात. हें मिळविणें थांबलें कीं घड्याळ एकटें पडतें, आणि एकटें पडलेलें घड्याळ चुकतेंच.

आतां यंत्राचा विचार करूं. लॅपटॉप बंद असतांहि त्याच्या पोटांत एक लहान घड्याळ चालू असतें. त्यांत क्वार्ट्झचा, म्हणजे गारेच्या जातीचा, स्फटिक असून तो सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळां निम्मी करीत गेलें, कीं बरोबर एक उरतो. तोच एक सेकंद. साधारण प्रतीच्या स्फटिकाची चूक दिवसास दोन-तीन सेकंदांची असते. सात किंवा अकरा मिनिटांचा फरक हा स्फटिकाचा दोष नव्हे. तेथें दुसरेंच कांहीं बिनसलें आहे, असें समजावें.

पुष्कळ लॅपटॉपांत या घड्याळास नाण्याच्या आकाराचा एक सेल पुरवठा करतो. 'सी. आर. २०३२' हा त्याचा नेहमींचा प्रकार. २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, हा त्या आंकड्याचा अर्थ. हा सेल ३ व्होल्टांचा असतो. तो कांहीं वर्षांनीं क्षीण झाला, म्हणजे यंत्र बंद असतांना घड्याळ अडखळतें, आणि सकाळीं यंत्र तीच चुकीची वेळ प्रमाण मानून कामास लागतें. अलीकडील कित्येक लॅपटॉपांत हा निराळा सेल नसतो. मुख्य बॅटरीच तें काम करते.

म्हणून परीक्षा अशी करावी. रात्रीं मोबाईलशीं घड्याळ मिळवून यंत्र पूर्ण बंद करावें, व सकाळीं इंटरनेट जोडण्यापूर्वीं पुन्हा ताडून पाहावें. बंद असतांनाच वेळ मागें पडत असेल किंवा तारीखच कित्येक वर्षें मागें जात असेल, तर दोष बहुधा सेलाचा. चालू असतांना पडत असेल, तर वेळ जुळविण्याची सोय बंद आहे काय, तें पाहावें. फरक बरोबर साडेपांच तासांचा असेल, तर सेलास हात लावूं नये. तो ग्रिनिचची वेळ व आपली वेळ यांमधील घोटाळा आहे, आणि सेटिंग्जमध्यें मुंबई-नवी दिल्लीचा वेळपट्टा निवडला कीं बहुधा मिटतो.

वेळ जुळविण्याची ही सोय मोठी मनोरंजक आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड मिल्स यांनीं ती १९८५ च्या सुमारास सिद्ध केली. आपलें यंत्र दूरच्या यंत्रास वेळ विचारतें, जाण्यायेण्यास किती काळ लागला तें मोजतें, आणि त्याचा निम्मा भाग हिशेबांत धरून स्वतःस सुधारतें. आपल्या देशाची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर राखते. घड्याळ फार चुकलें, तर बँकेचें संकेतस्थळहि उघडत नाहीं. कारण त्याच्या प्रमाणपत्राची मुदत आपलें यंत्र स्वतःच्याच तारखेवरून तपासतें. तारीख वर्षांनीं चुकली असल्यास ती प्रथम हातानें सुधारावी, मग 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' चालू करून 'सिंक नाऊ' दाबावें.

वरील कुटुंबांत दोन दोष एकत्र झाले होते. सेल क्षीण झाला होता. आणि खेळांतलें बक्षीस लवकर मिळावें म्हणून धाकट्या पुतण्यानें तारीख पुढें ढकलतांना स्वयंचलित वेळ बंद केली होती. तारीख त्यानें परत जागेवर आणली, पण ती सोय चालू करण्याचें राहून गेलें. दुरुस्ती करणाऱ्यानें सेल बदलला, पुतण्यानें आपण होऊन कबुली दिली, आणि त्या मुलीचा उशीर त्याच दिवशीं संपला.

सेल बदलण्याचें काम जाणत्याकडून करवावें. आणि काढलेला जुना सेल घरांत कोठेंहि पडूं देऊं नये. लहान मुलानें तो गिळला व अन्ननलिकेंत अडकला, तर दोन तासांच्या आंत आंतील भाग भाजून गंभीर इजा होऊं शकते. अशी नुसती शंका आली, तरी तत्काळ इस्पितळ गांठावें.

सेल थोड्या रुपयांत मिळतो. त्या मुलीनें महिनाभर ऐकून घेतलेले बोल मात्र कोणत्याहि दुकानांत परत देतां येत नाहींत. घरांतील कोणी माणूस एकाएकीं वेळ चुकवूं लागला, तर त्याच्या स्वभावाची चर्चा करण्यापूर्वीं त्याचें घड्याळ दुसऱ्या घड्याळाशीं ताडून पाहावें, एवढीच आमची वडीलधाऱ्या मंडळींस विनंती आहे.