आषाढातले संडास, कार्तिकातला फड

जागतिक शौचालय दिन या आठवड्यात, १९ नोव्हेंबरला, पार पडला. कुठे शपथ झाली, कुठे प्रभातफेरी निघाली, आणि ग्रामीण महिलांमध्ये अजून जागृतीची गरज असल्याचं एका साहेबांनी माइकवरून सांगितलं. ज्यांना जागं करायचं त्या बाया दिवाळी आटोपताच मुकादमाच्या ट्रॅक्टरात बसून ऊसतोडीला गेल्या. बीडमधल्या वडवणी, धारूर, पाटोद्याच्या वाड्या-तांड्यांवर आता उरलीत म्हातारी माणसं आणि कुलपं. साहेबांनी शपथ दिली कुणाला, देव जाणे.

हागणदारीमुक्तीच्या फलकांवरचा माझा राग वाचकांना पाठ आहे. तरी पुन्हा सांगतो. एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. घरटी संडास मोजले गेले, त्यांचे फोटो चढवले गेले. मोजणीत संडास आला. तो वापरणारी बाई वर्षातले पाच-सहा महिने गावातच नसते, हे कोणत्याही रकान्यात बसलं नाही.

ती कुठे असते हे बघायचं तर पालखीच्या वाटेने चला. लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस. दुसऱ्या वाटेने बारामती, सणसर, इंदापूर, अकलूज. हा सगळा उसाचा पट्टा. आषाढात इथे लाखो वारकरी येतात आणि २०१५ पासून ‘निर्मल वारी’त मुक्कामा-मुक्कामावर फिरती शौचालयं उभी राहतात. पाण्याचे टँकर, दिवाबत्ती, सफाईची माणसं, शिट्ट्या घेऊन उभे स्वयंसेवक. पालखी हलली की संडासही पुढच्या मुक्कामाला. महिला आयोगाच्या ‘आरोग्य वारी’त बायांसाठी सॅनिटरी नॅपकिनची सोय होते, लेकुरवाळ्यांसाठी हिरकणी कक्ष असतो. उत्तम काम आहे, मी आधीही त्याचं कौतुक केलंय.

चार महिन्यांनी त्याच पट्ट्यात आमच्या टोळ्या उतरतात. वारकरी एका गावी एक-दोन रात्री राहतो, कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, महिनोन् महिने. त्यांच्या झोपडीला, कोपीला, दार नाही, न्हाणी नाही, जवळ पाणी असेलच असं नाही. पहाटे तीन-चारला उठून अंधारातच आडोसा गाठायचा. मग दिवसभर बाहेर जावं लागू नये म्हणून बाई पाणीच कमी पिते. पाळीतली घडी धुवायला पाणी नाही, वाळवायला आडोसा नाही. लघवीची जळजळ, अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात कळा. एक दिवस बसली तर खाडा, खाड्याचा दंड, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची तशीच. मग कुणीतरी कॅन्सरची भीती घालतो आणि गर्भपिशवीच काढून टाकायचं ठरतं.

पुढचे आकडे २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचले. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांत पिशवी काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया. याच्या चौकशीसाठी नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. त्यावर उपाय काय झाला? जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय पिशवी काढायची नाही. दवाखान्याच्या दारावर पहारा बसला. फडातून तिथवर येणारी वाट होती तशीच राहिली.

वारीला मिळतं ते टोळीला का मिळत नाही? एके काळी वारी म्हटली की पटकीची धास्ती असे, पंढरपुरात शिरायला लस टोचून घ्यावी लागे. पटकी वाटेवरच्या गावांना लागते, म्हणून सरकार धावतं. ऊसतोड बाईचं दुखणं कुणाला लागत नाही. ते तिच्यासोबत येतं आणि तिच्यासोबतच परत जातं. शिवाय माझा जुना सिद्धान्त आहेच: जिथे फ्लेक्स लावता येतो तिथेच सरकारी संडास उभा राहतो. पुरावा मागू नका. पण फडात शुभेच्छुक म्हणून हात जोडून उभा राहिलेला नेता कुणी पाहिला असेल तर कळवा.

पैसा नाही म्हणावं, तर ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी टनामागे १० रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारने द्यायचे ठरलेलं आहे. माणसं मोजता येत नाहीत म्हणावं, तर कोणत्या मुकादमाकडे किती कोयते आणि कोणाला किती उचल, याचा पै-पैचा हिशेब कारखान्याच्या शेती विभागाकडे असतो.

मग अडतंय कुठे? साखर आयुक्तालय गाळप परवाना देताना शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, थकली आहे का ते बघतं. तसंच टोळ्यांच्या तळावर किती संडास, किती न्हाण्या, पाणी किती अंतरावर, तेही बघावं. नसेल तर धुराडं पेटू देऊ नये. एका हंगामात दोन कारखान्यांचे परवाने अडले, की बाकीच्यांमध्ये आपोआप जागृती होईल. साहेबांना हवी आहे तीच.

– बालाघाटकर