तळपद्यांचं विमान आणि आपलं जर्नल

लोहगावचं लढाऊ विमान होस्टेलवरून गेलं की मेसमधल्या गप्पा दोन मिनिटं थांबतात. परवा अशाच एका आवाजानंतर एकजण म्हणाला, "राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी आपल्या मराठी माणसानं विमान उडवलं होतं, माहितीये?" टेबलावरच्या निम्म्यांनी माना डोलावल्या, उरलेले फिदीफिदी हसले. मला दोन्ही पटलं नाही.

तो मराठी माणूस म्हणजे मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे. १८९५ साली त्यांचं 'मरुत्सखा' हे माणूस नसलेलं विमान गिरगाव चौपाटीवरून १५०० फूट वर गेलं, असं सांगतात.

हसणाऱ्यांनो, पुढच्याच वर्षी, ६ मे १८९६ला, अमेरिकेत लँग्लीचं वाफेच्या इंजिनाचं विनामाणूस मॉडेल सुमारे ३३०० फूट उडालं होतं. म्हणजे कल्पना काही वेडगळ नव्हती. पण तिथे टेलिफोनवाले ग्रॅहम बेल हजर होते, त्यांनी फोटो काढला.

आणि डोलणाऱ्यांनो, चौपाटीवरच्या उड्डाणाचा असा एकही पक्का पुरावा पुढे आलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला आपण देतो, ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४मध्ये तपासलं. ग्रंथ प्राचीन नाही, विसाव्या शतकातला निघाला. आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, असा निष्कर्ष आला.

आता राइट बंधू. १९०१मध्ये त्यांच्या ग्लायडरला हिशेबापेक्षा फारच कमी उचल मिळाली. त्यांनी स्वतःच्या रीडिंगवर विश्वास ठेवला आणि छापील आकड्यांवर शंका घेतली. सहा फुटी लाकडी खोक्याचा विंड टनेल बनवून पंखांचे सुमारे २०० नमुने तपासले. हवेच्या दाबाचा गुणांक सगळे ०.००५ धरायचे, यांना ०.००३३च्या आसपास मिळाला. मग १७ डिसेंबर १९०३ला पहिलं उड्डाण झालं : १२ सेकंद, १२० फूट. आपल्या कॉरिडॉरएवढं अंतर! पण फोटोसकट, डायरीतल्या नोंदीसकट.

त्यांच्या जागी आपण असतो तर 'ऑब्झर्व्हेशनल एरर' लिहून सबमिशन उरकलं असतं.

खोटं कशाला बोलू? गेल्या सेमला व्हेंच्युरीमीटरचा गुणांक माझा १.०४ आला. एकाच्या वर जायलाच नको होता. सिनियरच्या जर्नलमध्ये ०.९७ होता, मी तोच उतरवला. सही मिळाली, मार्क मिळाले. नळीत हवा अडकली होती, की मोजायच्या टाकीत घोळ होता, ते पाहिलंच नाही.

सर, मॅडम, एक विनंती. चुकलेलं रीडिंग जसंच्या तसं लिहून त्याचं कारण शोधणाऱ्याला निदान दोन मार्क जास्त द्या. आणि मित्रांनो, तळपद्यांच्या नावानं मेसेज फॉरवर्ड करण्याआधी आपलं जर्नल उघडून बघा. चौपाटीवर काय झालं ते आज आपल्या हातात नाही. माझा १.०४ मात्र माझ्या हातात होता, आणि तो मीच खोडला.