आधी एडिटिंग, मग ईएमआय!

दिवाळीचे सेल लागले की तुमच्याही ग्रुपवर एक मेसेज पडतोच, 'भावा, पहिला कॅमेरा कुठला घेऊ?' लगेच सल्ल्यांचा पाऊस. हा घे, तो नको, त्यात मेगापिक्सेल कमी आहेत. पण सध्याचे फोटो नेमके कुठे गंडतायत, हे कुणीच विचारत नाही.

विचारायला हवं. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल. फोर-के टीव्हीला ८ मेगापिक्सेल पुरतात आणि तुम्ही तर फोटो इन्स्टावर टाकणार. मग आणखी मेगापिक्सेलसाठी बाबांच्या खिशात हात कशाला?

माझं म्हणणं साधं आहे. कॅमेऱ्याआधी दोन महिने एडिटिंग शिका. एडिटिंग म्हणजे फिल्टर मारणं नव्हे. बऱ्याच फोनच्या प्रो मोडमध्ये 'रॉ' फाइल मिळते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १२ बिटच्या रॉमध्ये ४०९६. म्हणून सावलीतला चेहरा उजळताना जेपेग लवकर बिघडते, रॉ तग धरते. मोबाइलवर स्नॅपसीड, लॅपटॉपवर डार्कटेबल, दोन्ही फुकट.

'एडिटिंग म्हणजे चीटिंग' म्हणणारे भेटतीलच. त्यांना सांगा, अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सनं १९४१ मध्ये टिपलेल्या 'मूनराइज'च्या प्रिंट पुढं कित्येक वर्षं डार्करूममध्ये नव्यानं काढल्या, आकाश गडद करत नेलं.

एडिट करता करता आपल्या चुका कळतात. आकाश पांढरंफटक जळालं असेल, तर ते कुठलंच अ‍ॅप परत आणत नाही. ही चूक एक्स्पोजरची, ती सुधारायला पैसे लागत नाहीत. पण घरातल्या बारशाचे फोटो दरवेळी हललेले, दाणेदार येतात? मग खरंच लेन्स हवी. किट लेन्स ५५ एमएमला जेमतेम एफ ५.६ पर्यंत उघडते. ५० एमएम एफ १.८ लेन्स त्याच्या नऊपटींहून जास्त प्रकाश आत घेते. त्यामुळे बॉडी सेकंड हँड घ्या, वाचलेले पैसे या लेन्सवर घाला. जुना माल घेताना शटर काउंट विचारा आणि लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशी आहे का बघा; आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हमखास धरते.

दोन महिन्यांनी फोनच पुरेसा वाटला, तर हप्ता वाचला. नाही वाटला, तर दुकानात जाऊन 'चांगलासा कॅमेरा दाखवा' म्हणावं लागणार नाही. काय हवंय ते तुम्हीच सांगाल.