नुसतं भाषांतर?

‘त्यांचं स्वतःचं असं काय आहे हो? इकडचं तिकडे नेलं, इतकंच.’ तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांविषयी बोलताना आपल्या पुण्यातली चांगली शिकलेली माणसंही हे वाक्य सहज टाकतात. मला त्याचा मनापासून राग येतो.

मे. पुं. रेग्यांचंच बघा. मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवलं, ‘नवभारत’चं संपादन केलं, पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला, तर्कतीर्थांच्या पश्चात विश्वकोशाची धुरा वाहिली. २००० साली गेले. पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्यांचं १९८३ सालचं काम. ते इथेच, पुण्यात झालं. किती पुणेकरांना ठाऊक आहे?

दया कृष्ण आणि रेगे यांनी एक संवाद घडवला. एका बाजूला बदरीनाथ शुक्लांसारखे न्यायशास्त्राचे पंडित, दुसऱ्या बाजूला इंग्रजीतून तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक. विषय बर्ट्रांड रसेलचा! त्याचं म्हणणं संस्कृतात आणून पंडितांपुढे ठेवलं.

प्रश्न असा. ‘पाऊस पडतो आहे’ हे मराठीत म्हटलं काय नि इंग्रजीत म्हटलं काय, सांगितलं ते एकच. वाक्यं दोन, तर मग हे ‘एकच’ म्हणजे नेमकं काय? इंग्रजीत त्याला ‘प्रॉपोझिशन’ म्हणतात, आपण ‘विधान’ म्हणून मोकळे होतो. नैयायिकाला मात्र असं मोकळं होता येत नाही. तो विचारणार: वाक्य आहे, त्यातून होणारं ज्ञान आहे, ज्याचं ज्ञान होतं ती वस्तू आहे. मग ही चौथी भानगड हवीच कशाला? हा प्रश्न रसेललाही जड गेला असता.

म्हणजे ज्यांना आपण ‘जुन्या वळणाचे’ म्हणून कोपऱ्यात बसवलं होतं, त्यांच्या बुद्धीत उणं काही नव्हतंच. दार भाषेचं होतं, आणि ते कुणी उघडलं नव्हतं. ही चर्चा पुढे १९९१ साली ‘संवाद’ या नावाने ग्रंथरूपात आली. आता सांगा, हे ‘नुसतं’ भाषांतर?

आमच्या विद्यापीठांचा हिशेब निराळाच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत मानव्यविद्येतल्या एका शोधनिबंधाला १० गुण, आणि अख्ख्या पुस्तकाच्या भाषांतराला ८! चार-पाच वर्षं एकेका शब्दाशी झगडून कुणी कांट मराठीत आणावा, आणि दहा पानांच्या निबंधापेक्षा दोन गुण कमी घेऊन गप्प बसावं. मग मराठी माध्यमातला मुलगा गाईडवर परीक्षा काढतो आणि ‘ह्यांना तत्त्वज्ञान झेपत नाही’ असं प्राध्यापकांच्या खोलीत चहाबरोबर बोललं जातं. मीही मराठी माध्यमातूनच बी. ए. झालो. त्या मुलाला काय झेपत नाही, ते मला चांगलं माहीत आहे.

वर तक्रार तयारच असते, ‘मराठीत संदर्भग्रंथच नाहीत हो!’ आठ गुणांत कोण लिहून देणार ते?