तळपायावरचा काळा डाग : मलमाआधी तपासणी हवी

जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग आढळला. आधी ती फुटबॉलची दुखापत वाटली होती. १९८१ मध्ये, अवघ्या ३६व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तळपाय, तळहात आणि नखाखालच्या या प्रकाराला ‘अ‍ॅक्रल मेलानोमा’ म्हणतात. तो दुर्मिळ आहे आणि उन्हाशी त्याचा फारसा संबंध नाही. सावळ्या त्वचेच्या लोकांत मेलानोमा झालाच, तर अनेकदा याच जागी होतो. मात्र कुरूप, चामखीळ किंवा नखाचे फंगल इन्फेक्शन समजून महिनोन्‌महिने मलमे लावली जातात. खरा धोका या उशिराचाच आहे.

मार लागून साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते. रुंदावत जाणारा काळा पट्टा, पसरणारा डाग किंवा न भरणारी जखम दिसली तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. निदान बायोप्सीनेच पक्के होते. वेळेत सापडल्यास शस्त्रक्रियेने रुग्ण बरा होऊ शकतो. पसरल्यावर इम्युनोथेरपीचा खर्च अनेकांना झेपत नाही.

मधुमेहींच्या पायावरील जखमा डॉक्टर पाहतातच. तेव्हाच डागही पाहावेत. त्याला यंत्र लागत नाही, रुग्णाला चप्पल-बूट काढायला सांगणे पुरेसे आहे.